कुशानानांचा उजवा हात

येडगावात बोकड कधी विकायचा हे बोकडाचा मालक ठरवत नसे. ते कुशानाना ठरवत. नानांनी पाठीवर उजवा हात फिरवायचा, कमरेचं हाड दोन बोटांनी दाबायचं आणि ‘झाला’ म्हणायचं. बेल्ह्याच्या बाजारात व्यापारी एवढंच विचारत, “नानांनी हात लावलाय ना?” लावला नसेल तर पुढं जात.

भगवंतचा बोकड वैशाखातच भरून आला होता. नाना म्हणाले, “अजून आठ दिवस.” आठ दिवसांनी पुन्हा आठ दिवस. आखाड उजाडला तरी आठाचे सात होईनात. गावातले तेरा बोकड असेच आठ दिवसांवर येऊन थांबले होते. भगवंतचा तर आता बसूनच खायचा; उठायचा विचार त्यानं सोडून दिला होता.

इकडं भगवंतच्या पोरीचा, आरतीचा, पुण्याला नर्सिंगला नंबर लागला होता. बुधवारपर्यंत फी भरायची होती, आणि फी म्हणजे हा बोकड.

“पोरीला धाडायचंय का बोकडाला पेन्शनीवर बसवायचंय, ते एकदा ठरवा,” गोजरबाई नवऱ्याला म्हणाली.

म्हणून सोमवारी भगवंतनं बोकडासोबत नानांनाही जीपमध्ये घातलं. बाजारात व्यापारी बोकडाभोवती दोनदा फिरला. “माल लई भारी हाये, राव. काय नाना?”

नानांनी पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले. इतका वेळ, की बोकडानंही मिटले.

“अजून आठ दिवस.”

व्यापाऱ्यानं मान डोलावली. “पावणं, पुढच्या सोमवारी या.”

परतीच्या जीपमध्ये नाना खाली बोकडाशेजारी बसले होते आणि पावसाबद्दल बोलत होते. भगवंतचं लक्ष गेलं, तर बोकड नानांच्या पंज्यावर उभा.

“नाना, हात.”

“काय हाताचं?”

“बोकड उभा हाये त्याच्यावर.”

नानांनी खाली बघितलं. “हां,” म्हणाले, आणि डाव्या हातानं उजवा ओढून मांडीवर ठेवला. चैत्रात ते नारायणगावच्या दवाखान्यात चार दिवस होते, हे भगवंतला आत्ता आठवलं.

“काहीच कळत न्हाई?”

“तवापासनं न्हाई.”

“मंग दर बारीला आठ दिवस कुठून काढता?”

“डाक्तर म्हणले, आठ दिवसांत जाण येईल. आली की सांगतो ना तुला.”

“डाव्यानं बघा की.”

“इकायच्या जनावराला डावा हात?” नानांनी त्याच्याकडं असं बघितलं, की भगवंतलाच लाज वाटली.

गावात सांगावं, तर कुणाच्याच बोकडाला हात उरणार न्हाई. न सांगावं, तर हे आठ दिवस सरणार न्हाईत. वाटेतलं आळं गाव मागं पडलं तरी त्याला तिसरं काही सुचलं नाही.

आरती दारातच उभी होती. “काय म्हणले नाना?”

“आठ दिवस,” भगवंत म्हणाला.

आरती आत गेली. भरून ठेवलेली बॅग तिनं उघडली, आणि एकेक कपडा काढून परत दांडीवर टाकायला लागली.