वीव्हिल्सच्या ढोलाचे पुढचे कातडे

मित्रांनो, ज्या संगीताने एके काळी जग हादरले, त्या संगीताचा मी चेहरा होते. जग म्हणजे इंग्लंडातल्या ओल्डमपासून स्टॉकपोर्टपर्यंतचे, बसने तासाभराचे. आणि चेहरा म्हणजे मोठ्या ढोलाचे पुढचे कातडे. मार खायचे ते मागचे कातडे. मला जन्मात कुणी टोला मारला नाही. लोकांकडे तोंड करून उभे राहायचे, एवढेच माझे काम. तरीही मी इतके चिडलेले का, ते ऐका.

मी मूळचे एका वासराचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वासराची असेल. एकसष्ट साली डेस ऑग्डेनने मला आणले. तो सूतगिरणीतली यंत्रे दुरुस्त करी आणि सुट्टीत अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तबकड्या ऐके. ते मिसिसिपीच्या कपाशीच्या शेतांतली दुःखे गात. ओल्डमच्या गिरण्यांत कपाशीचेच सूत निघे, म्हणजे ही दुःखे थोडीफार आपलीही, असे डेसने ठरवले आणि चार पोरे जमवली. एका गाण्यात कपाशीची बोंडे पोखरणारा वीव्हिल नावाचा किडा होता. डेसला नाव फक्कड वाटले. 'द वीव्हिल्स' असे बारसे झाले. त्याची आई म्हणाली, "ते तर आपण पिठातून चाळून फेकतो."

दुधाच्या गाड्या रंगवणाऱ्या अल्बर्ट क्लेगने ते नाव माझ्यावर लाल रंगात काढले, ऐसपैस. पुढची तीन वर्षे माझी चांगली गेली. ओलसर हवेत मी सैल पडे, तेव्हा डेस मला गॅसच्या शेगडीसमोर धरून पापडासारखे शेके. कार्यक्रम कुठे, कुणी काय वाजवायचे, गाडी कोण ढकलणार, सगळे तोच बघे. गात असे रॉय टॅटर्सॉल. त्याचा आवाज बरा होता. केस त्याहून बरे होते. पोरी केसांकडे बघून किंचाळत आणि रॉयला ते आवाजाचे कौतुक वाटे.

मग लंडनहून प्रुइट नावाचे व्यवस्थापक आले. त्यांनी सगळ्यांत आधी मला क्लेगकडे धाडले. आता वर मोठ्या अक्षरांत 'रॉय टॅटर्सॉल आणि' आले, आणि बशीच्या तळाशी कारखान्याचे नाव असते तसे खाली 'द वीव्हिल्स'. ब्रश टेकवण्याआधी क्लेगने डेसला विचारले, हे तुझ्या मर्जीने ना? डेस म्हणाला, हो, 'आणि' आहे ना मध्ये.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. 'आणि'च्या अलीकडचा माणूस घरात असतो, पलीकडचा दारात. हे एका कातड्याला कळते, पण ढोल वाजवणाऱ्याला कळत नाही.

चौसष्टच्या मार्चमध्ये लंडनहून दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रम झाला. ओल्डमला डेसच्या आईच्या, मिसेस ऑग्डेनच्या बैठकीत गिरणीतल्या सात बायका टोप्या घालून बसल्या होत्या, जणू पडद्यातून त्या दिसणारच होत्या. कॅमेऱ्याला माझ्यावरचे 'रॉय' तेवढे दिसले. डेसचे कोपर दोनदा दिसले. मधे गिटारवाल्या नेव्ह हेस्केथचा एकट्याचा तुकडा आला, तेव्हा रॉय ध्वनिक्षेपकापासून दूर होऊन नेव्हकडे वळला आणि काहीतरी बोलला. नेव्हने मान डोलावली. मी हातभर अंतरावर होते. त्या गोंगाटात मलाही ऐकू आले नाही.

पण मिसेस ऑग्डेनने तीस वर्षे गिरणीत काढली होती. तिथल्या खडखडाटात कान निरुपयोगी असतात. बायका एकमेकींचे ओठ वाचतात, चाळीस पावलांवरून, सासूची निंदासुद्धा. त्या बैठकीतल्या आठही जणींनी रॉयचे ओठ वाचले. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस ढोल घेऊन घरी आला. सगळ्या गल्लीला ठाऊक होते, फक्त त्याला नव्हते. शेजारणींना कळू नये म्हणून आईने आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याला सांगितले. खिडकीबाहेर शेजारची मिसेस शोरॉक पायरी घासत होती. तिने आतला एक शब्द दुरुस्त केला.

रविवारी प्रार्थनामंदिराच्या दालनात तालीम होती. डेसने मला भिंतीला टेकवले आणि रॉयला विचारले, परवा तू नेव्हला काय म्हणालास?

"कधी?" रॉय म्हणाला. "अरे, गाण्याचे शब्द पुटपुटत होतो. विसरायला होतं."

"आईनं वाचलं, रॉय. 'आज डेसचा शेवटचा. सोमवारपासून मँचेस्टरचा पोरगा.' त्या गाण्यात मँचेस्टर नाहीये. मिसिसिपी आहे."

नेव्ह बुटांकडे बघत राहिला. रॉय म्हणाला, "तुझी आई ना डेस, भिंतीचेही ओठ वाचेल."

डेसने त्याला मारले नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आयुष्यभर ढोल बडवणारा माणूस, आणि त्या दिवशी हात खिशात. त्याने ढोल उचलला आणि तो घरी गेला.

वीव्हिल्स आणखी सात आठवडे टिकले. मग प्रुइटसाहेबांना 'आणि'ही जड वाटू लागला. रॉय एकटा गाऊ लागला, नेव्ह विमा विकू लागला, आणि डेस गिरणीत परतला. मी कबुतरांच्या खुराड्याच्या फुटक्या खिडकीवर ठिगळ म्हणून गेले, अक्षरे आतल्या बाजूला. कबुतरे रॉयवर नेम धरून बसत. बरी पाखरे.

मित्रांनो, कातड्याला ओल लागू देऊ नका, उन्हात टाकू नका. आणि ज्याने तुमच्यासाठी गाडी ढकलली, त्याचे नाव बारीक करू नका; ते पुन्हा मोठे करायला तेवढी जागा राहत नाही. माझ्याकडे बघा. रंगाच्या थराखाली मला चीर गेली आहे.

तीस वर्षांनी रॉयने वर्तमानपत्रात सांगितले की डेस स्वतःहूनच गेला. बिचाऱ्याला लोकांसमोर घाम फुटे, म्हणे. डेसने ते वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि दूरचित्रवाणी केंद्राला पत्र लिहिले: त्या कार्यक्रमाची फीत मला दाखवा, ओठ वाचणारी आई अजून आहे.

दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आले. ती फीत पुसून चौसष्टच्याच मे महिन्यात तिच्यावर कांद्यांचे प्रदर्शन चित्रित केले होते.