घोट्याला हात लावायचा नाही

आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दसऱ्यापासून होळीपर्यंत काम चाले, आणि तेवढेच दिवस शेठचा कबड्डीचा संघही चाले. शेठला खेळाचा नाद होता. हंगामापुरते तो गडी ठेवी, दुपारपर्यंत त्यांच्याकडून गठाणी वाहून घेई आणि नंतर मैदानावर सोडून देई. पगार कामाचा, पण नेमणूक खेळाची. ज्याची पकड ढिली पडली त्याला पुढच्या दसऱ्याला बोलावणं येत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला सगळ्यांना बोलावणं आलं, पण यशवंत आला नाही.

यशवंत म्हणजे संघाची अर्धी ताकद. उंच, काटक, पाय हरणाचे. चढाईला गेला की दोन गडी मारून आल्याशिवाय राहत नसे. त्याला तिकडे कोळशाच्या खाणीच्या संघाने उचललं होतं. खेळाडू म्हणून नोकरी दिली होती, तीही कच्ची. फाल्गुनात डॉक्टर तपासणार, मग पक्की करणार. बाजारहत्नूरच्या कोरडवाहू रानातून निघालेल्या पोराला अशी नोकरी म्हणजे लॉटरीच. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

तरी संघनायक उद्धवला ते फार लागलं. यशवंत त्याचा सख्खा साळा. उद्धवची बायको रेणुका ही यशवंतची थोरली बहीण. दोघं तीन हंगाम एकाच बाजूने खेळले होते, यशवंत चढाईला आणि उद्धव डाव्या कोपऱ्यात. उद्धव बुटका, रुंद खांद्यांचा. चढाईवाल्याचा पाय जरा पुढे आला की हा बसल्या बसल्या झेप घेई आणि घोटा धरी. एकदा त्याच्या हातात घोटा आला की तो सुटत नाही, असं मावल्यापासून बेज्जूरपर्यंतच्या गावांत लोक म्हणत.

यशवंत गेल्यावर संघाचे हाल झाले. साखळीतले पहिले दोन सामने गेले. मारोतराव म्हणजे जुने खेळाडू, गुडघा कामातून गेल्यावर शेठने त्यांना शिकवायला ठेवलेलं. ते मुकादमासारखे मैदानाच्या कडेला फिरत आणि तंबाखू मळत म्हणत, "चढाईवाला नाई ना आपल्याकडं? मंग येनाऱ्याले परत जाऊ द्यायचं नाई. एवढंच."

उद्धवने तेच मनावर घेतलं. संघ पकडीवर उभा केला. डाव्या कोपऱ्यात तो आणि उजव्या कोपऱ्यात चंपत, अशी जोडी जमली. पुढचे सामने निघाले. आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांची गाठ खाणीच्या संघाशी पडली, त्यांच्याच मैदानावर.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली असताना यशवंत चढाईला आला. त्याने डाव्या बाजूला पाय टाकला आणि उद्धवने झेप घेतली. घोटा मुठीत आला. तोच उजवा घोटा.

मागच्या हंगामात हाच घोटा मोडला होता. उद्धवनेच त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत यशवंत त्याच्याच घरी होता, रेणुकाने त्याला हाताने न्हाऊ घातलं होतं. आता मुठीतल्या हाडावर जुळलेल्या जागेची गाठ उद्धवच्या बोटांना लागली. चंपत वरून झेपावताना दिसला. तो यशवंतच्या अंगावर पडला असता तर धरलेला पाय खाली मुरगळला असता.

उद्धवची मूठ उघडली.

यशवंत सुटला, मधली रेघ ओलांडून गेला आणि सामना गेला.

ट्रकमध्ये बसल्यावर चंपत उसळला. "साळ्याले सोडलं! सगळ्यायनं पाह्यलं. आमी काय इथं तुमच्या सोयरिकी सांभाळाले आलो?"

"त्याचा घोटा मोडलेला हाय," उद्धव म्हणाला. "फाल्गुनात डाक्टर तपासनार. पुन्हा मोडला तर नोकरी गेली."

"मंग त्यानं खेळू नये!"

"नाई खेळला तरी नोकरी जाते. खेळाचीच नोकरी हाय ती. आपली नाई का तशी?"

चंपतचा राग तरी गेला नाही. तो म्हणाला, "तुमच्यानं होत नसन तर अंतिम सामन्यात गाठ पडली की मी धरतो घोटा."

"नाई." उद्धव आवाज न चढवता म्हणाला, "माझ्या संघातला कोनी त्याच्या घोट्याले हात लावनार नाई. अन तरी बी त्याले धरायचं हाय. दोनी गोष्टी करायच्या."

"कशा?"

"ते अजून मले ठाऊक नाई. शिकू."

मारोतराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून उद्धवच्या हातांकडे पाहिलं.

घरी रेणुकाला सगळं कळलंच होतं. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "सोडलं ते बरं केलं. पन हरा म्हनून कोनी सांगितलं तुमाले?"

"तुले काय वाटते, तुझ्या भावाले हरवू?"

"तो माझा भाऊ हाय, पन मी या घरी हावो. धरा त्याले. मोडू नोका."

दोन दिवसांनी यशवंतच आला. बहिणीला तीळगूळ द्यायचं निमित्त होतं. बसला नाही, दारातच उभा राहून म्हणाला, "भाऊजी, काऊन सोडलं? मी मागितलं होतं का? तिकडं सगळे म्हनून राह्यले, सोयऱ्यानं जिंकवला. माझं नाक कापलं तुमी."

"तुयं हाड माझ्या हातात होतं, यशवंता. मले कळलं ते तुले कळलं नसन."

"पुढच्या वेळी सोडू नोका," म्हणून तो निघून गेला. तीळगूळ रेणुकाच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून उद्धव नव्याने खेळ शिकायला लागला. कंबरेची पकड त्याने आयुष्यात केली नव्हती. बुटक्या गड्याला ती जमत नाही, असं सगळे समजत आणि तोही समजत होता. चढाईवाल्याच्या मागून घुसायचं, छाती त्याच्या पाठीला भिडवायची आणि दोन्ही हातांची कडी घालायची. हे सगळं तो वळतो तेवढ्या क्षणात. पण पाय दिसला की उद्धवचे हात आपोआप खाली जात. लहानपणापासूनची सवय ती, डोक्याचं ऐकत नव्हती.

मारोतरावांनी उपरणं काढलं आणि त्याचे हात पाठीमागे बांधून टाकले. "आता धर."

"कशानं?"

"अंगानं. हात नाई असं समज. नुसतं जाऊन भिडायचं."

बांधलेल्या हातांनी उद्धव चंपतच्या अंगावर धावला आणि तोंडावर आपटला. लोक हसले. तो उठला, माती थुंकला आणि पुन्हा धावला. पुन्हा पडला. चंपत पहिल्यांदा रागाने त्याला झटकत होता. चार-पाच दिवसांनी उद्धवचा ओठ फुटलेला, कोपरं सोललेली पाहून तो म्हणाला, "संघनायक, तुमी उशिरा उठून राह्यले. मी खांदा फिरवला की तवाच निघा, पाय हालायची वाट पाहू नोका." त्या दिवसापासून तो मनापासून शिकवायला लागला. चढाईवाल्याच्या खांद्याकडे पाहून निघायचं, हे उद्धवला उमगलं तेव्हा पहिल्यांदा त्याची छाती वेळेवर जाऊन भिडली. मग मारोतरावांनी हात सोडले.

तरी कडी टिकत नसे. यशवंतसारखा गडी उद्धवला फरफटत नेणार, हे उघड होतं. म्हणून चंपतने दुसरा भाग स्वतःकडे घेतला. उद्धव भिडला की त्याने रेघेकडची वाट अडवायची, खाली न वाकता छातीवर छाती घ्यायची. दुपारपर्यंत गठाणी वाहायच्या आणि संध्याकाळी एकमेकांना वाहायचं, असं चाललं. उद्धवला सकाळी मान वळवता येत नसे. रेणुका जोर लावून तेल चोळी.

बेज्जूरला उपांत्य सामना झाला. तिथे ही पकड त्यांनी खऱ्या सामन्यात पहिल्यांदा करून पाहिली. निम्म्या वेळा फसली. घोट्यावरच गेलो असतो तर सामना सहज निघाला असता, हे उद्धवला कळत होतं. तरी त्याने घोटा धरला नाही. कसाबसा एका गुणाने सामना निघाला. शेठने विचारलं, "हे काय नवीन काढलं? जुनं काय वाईट होतं?" मारोतराव म्हणाले, "शेठजी, अंतिम सामना होऊ द्या."

अंतिम सामना आदिलाबादच्या मैदानावर झाला. समोर खाणीचा संघ. मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी माणसं दोरीपर्यंत दाटली होती. बायकांच्या बाजूला रेणुका पदर खोचून उभी होती.

सुरुवातीला यशवंतने धुऊन काढलं. उद्धव तीनदा भिडला आणि तीनदा नुसती हवा हातात आली. मध्यंतराला खाणीवाले बरेच पुढे होते. चंपत दम खात म्हणाला, "अजून बी घोटा नाई?"

"नाई."

"मंग मी रेघेच्या अजून जवळ उभा राह्यतो," चंपत म्हणाला. वाद घातला नाही.

दुसऱ्या डावात पहिली कडी बसली. यशवंत चार पावलं त्याला ओढत गेला, तिथे चंपत छाती काढून उभा होता. दम तुटला. बाहेर बसलेला यशवंत उद्धवकडे टक लावून पाहत होता. आपल्याला कुठे धरलं आणि कुठे धरलं नाही, ते त्याच्या ध्यानात आलं होतं. तो आत नसताना जिनिंगवाल्यांनी खाणीचे सगळे गडी बाद करून लोण चढवला आणि गुण बरोबरीला आले. मग ते एका गुणाने पुढे गेले.

शेवटची चढाई यशवंतची होती. आदिलाबादकडे तीनच गडी उरले होते. यशवंत डावीकडे झुकला, हात लांबवून त्याने उद्धवच्या खांद्याला स्पर्श केला आणि परतायला खांदा फिरवला.

उद्धव त्याआधीच निघाला होता. छाती पाठीला भिडली, हातांची कडी पडली. यशवंतने मुसंडी मारली. उद्धवचे पाय मातीत रेघा ओढत गेले, पण कडी सुटली नाही. चंपत पुढून आला, तिसरा गडी बाजूने. चारही जण एकत्र कोसळले. यशवंतचा हात रेघेकडे लांबला होता. "पट्टु, पट्टु!" तेलुगू लोक 'धर, धर' म्हणून ओरडत होते. यशवंतच्या तोंडून कबड्डी-कबड्डी येत होतं, बारीक होत होतं, आणि थांबलं.

पंचाची शिट्टी वाजली.

गडी उद्धववर पडले. त्याने त्यांना ढकललं आणि आधी यशवंतकडे पाहिलं. यशवंत उठून बसला, उभा राहिला, उजव्या पायावर भार देऊन पाहिला. पाय धड होता. तो उद्धवच्या जवळ आला. डोळे लाल होते.

"कुठून शिकले हे?"

"हात बांधून," उद्धव म्हणाला.

यशवंतला हसू आलं नाही. हरला होता तो, आणि हरणं त्याला कधीच पचलं नव्हतं. तो आपल्या संघाच्या गाडीकडे चालू लागला. रेणुका दोरीखालून वाकून आत आली. तिने भावाला वाटेतच गाठलं, त्याच्या दंडावरची माती झटकली आणि म्हणाली, "जेवून जाशीन."

"आज नाई, बाई. आज राग हाय मले."

"मंग रागातच ये. पन ये."

फाल्गुनात त्याची नोकरी पक्की झाली. पुढचे दोन हंगाम ते समोरासमोर खेळले. एकदा हे जिंकले, एकदा ते. यशवंत दर वेळी पूर्ण जोर लावून चढाईला येई आणि उद्धव पूर्ण जोर लावून त्याला कंबरेला धरी.