पडद्यावरची गाय दगावली

डॉक्टर दैवशालाला जनावराची भीती वाटते, हे झरीच्या गुरांच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच तिच्या तोंडावर बोलत नव्हतं. एवढा शहाणपणा गावात एरवी शोधूनही सापडत नाही. पावसाळ्यात मानवतच्या शिबिरात एका म्हशीनं जनावर अडकवायच्या लाकडी खोड्यात असं अंग घुसळलं, की लाकूड आणि म्हैस यांच्यामध्ये दैवशालाचा उजवा हात चेंगरला. हाड दिवाळीपर्यंत जुळलं. हाडाच्या डॉक्टरांनी हात वाकवून, पिळून पाहिला आणि सांगितलं, आता खुशाल काम करा.

तिनं काहीच केलं नाही. जनावर दिसलं की तो हात आपोआप ओढणीखाली जाऊन बसायचा. मग चहाचा कपही डाव्या हातानं, दाराची कडीही डाव्या हातानं. परभणीच्या कार्यालयात टेबलाची जागा रिकामी होती, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. तिथं जनावर येत नाही, जनावरांचे आकडे तेवढे येतात. एकदा हो म्हटलं की तिची डॉक्टरकी तिथंच संपणार होती. त्या विचारानं तिला रडू यायचं आणि तरीही ती हो म्हणणार होती.

अशात पुण्याहून साक्षी नावाची मुलगी टॅब घेऊन आली. तिच्या कंपनीनं गुरांच्या डॉक्टरांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण तयार केलं होतं. ते सगळीकडे देण्याआधी खऱ्या डॉक्टरांना समोर बसवून कुणाचं कुठं अडतं ते बघायचं, हे तिचं काम.

"परीक्षा तुमची नाही मॅडम, आमच्या कोर्सची आहे," साक्षी म्हणाली. "मी मध्ये काही सांगणार नाही. तुमच्या मनात येईल ते फक्त मोठ्यानं बोलत राहा."

दवाखान्याचा परिचर आसाराम दारातून म्हणाला, "म्याडम, ही गाय लाथ न्हाई मारायची. बसा बिनघोर."

बाहेर लिंबाखाली खरी गाय उभी होती. धुरपताबाईची, तांबडी. कालपासून तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. दुसरे डॉक्टर जिंतूरकडं गेले होते. "बाई, तुमी तरी बघताव का?" असं धुरपताबाईंनी सकाळी विचारलं, तेव्हा "डॉक्टर येतीलच," म्हणून दैवशाला आत आली होती. आपणही डॉक्टर आहोत हे तिला म्हणतानाच टोचलं होतं.

टॅब टेबलावर आडवा ठेवला. पडद्यावर एक गाय बसलेली दिसली. नुकती व्यालेली, अंग गार, उठता येत नाही. औषध निवडा, असं वर लिहिलं होतं. "कॅल्शियम. मानेच्या शिरेतून, हळूहळू," दैवशाला मोठ्यानं बोलली आणि डाव्या हातानं बाटली निवडली. बरोबर, असं हिरव्या अक्षरांत उमटलं.

मग गाय मोठी झाली. पडदाभर तीच. मागे एक रान होतं, त्यात वारा नव्हता, सावली नव्हती, ऊन कुठून येतंय तेही कळत नव्हतं. खिडकीतून लिंबाच्या मोहोराचा वास येत होता, पंखा पेंगत फिरत होता आणि गाय संथ श्वास घेत होती. पोट वर, पोट खाली. दैवशाला बघत राहिली. बघता बघता टेबल कुठं गेलं, साक्षी कुठं गेली, तिला कळलं नाही. ती त्या बिनवाऱ्याच्या रानात उभी होती. पायाखाली गवत गार होतं. गाय आपल्यालाच ओळखून बसली आहे, असं तिला वाटलं.

"हो बाय, हो," ती हलकेच म्हणाली. "आले मी. भिऊ नको."

भिऊ नको, हे कोण कुणाला सांगत होतं देव जाणे. पण सुई टोचण्याआधी जनावराला गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर खाजवायचं, ते निवलं की मगच पुढचं, ही तिची पहिल्यापासूनची रीत. जित्याची खोड ती. ती खाजवू लागली. हळूहळू, वरून खाली. रानात ऊन मऊ झालं, गाईचे डोळे मिटत चालले, आणि दैवशालालाही कित्येक महिन्यांत आलं नव्हतं असं शांत वाटलं.

टॅब कर्कश वाजला. लाल अक्षरं आली: औषध एकदम गेले. रुग्ण दगावला.

रान विझलं. टेबल परत आलं. साक्षी काही सांगायचं नाही हा स्वतःचाच नियम विसरली. "मॅडम, मानेवर इतक्या वेळा का दाबलंत? प्रत्येक वेळी एक बाटली गेली!"

"दाबलं न्हाई मी. खाजवायले होते तिला."

"खाजवायची सोय आम्ही केलेलीच नाही," साक्षी ओशाळून म्हणाली.

आसाराम दारातून पुढं आला. तो हसत नव्हता. "म्याडम," तो म्हणाला, "हात बघा तुमचा."

उजवा होता. ओढणी मागे सरलेली आणि उजव्या हाताची बोटं अजून त्या मेलेल्या गाईच्या गळ्याशी वाकलेली. दैवशालानं तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटासुलटा करून पाहिला. मग तिला रडू फुटलं, अगदी पोरीसारखं, आणि तिनं ते आवरलं नाही.

"मनात काय आलं, मॅडम?" साक्षीनं हळूच विचारलं.

"मला टेबल नको," दैवशाला म्हणाली. डोळे पुसत ती उठली आणि बाहेर गेली.

तांबड्या गाईनं तिला पाहून शिंगं हलवली. दैवशाला दोन पावलं मागे सरली. भीती गेलेली नव्हतीच, ती आपल्या जागी ठाम होती. हात ओढणीकडे निघाला. तिनं तो अर्ध्यात थांबवला, वळवला आणि गाईच्या गळ्याखाली नेला. खाजवायला काही जमेना, नुसता थरथरत राहिला. गाईला ती थरथरच खाजवल्यासारखी वाटली असावी. तिनं मान लांब केली आणि सगळा भार त्या हातावर टाकला.

हातानं तो पेलला.

"धुरपताबाई," दैवशाला म्हणाली, "कालपासून पाणी तरी पेली का ही?"