आत्याच्या मशीनसमोरचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. नाव भारदस्त, अंग काडेपेटीएवढं; पोटात भरलेल्या प्रोग्रामप्रमाणे दिवे-बिवे चालवायचे, हे माझं काम. माझ्याबद्दल आजवर सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय, म्हणून उरलेलं मलाच सांगायला हवं.

मला या घरात आणलं खटपटीनं. खटपटी म्हणजे इथली नववीतली मुलगी. पंखा बिघडो की घड्याळ, हिचा हात आधी आत. तिच्या आत्याला एका आजारपणानंतर ऐकू येईनासं झालं होतं. आत्या कपडे शिवते. दाराकडे पाठ, नजर सुईवर. आलेलं माणूस बेल वाजवून वाजवून परत जायचं. खटपटीनं मला पांढऱ्या डबीत बसवलं, बेलच्या बटणाला जोडलं आणि मशीनसमोरच्या भिंतीवर लाल एलईडींची रांग लावली. बटण दाबलं की बेल वाजायची आणि दिवे लुकलुकायचे. पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा आत्या दार उघडायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसली.

दोन वर्षं माझा नुसता थाट होता. येईल त्याला आत्या मला दाखवायची. तिची शिवणवर्गातली एक जिवलग मैत्रीण होती. कुठल्याशा भांडणावरून दोघींचा दहा वर्षं अबोला. आत्यानंच आधी पत्र लिहिलं, आणि त्यातही माझं कौतुक होतंच: आता माझ्या दारातून कोणी परत जात नाही.

मग शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. खटपटीला टाळ्यांच्या तालावर नाचणारे रंगीत दिवे करायचे होते आणि मागवलेला नवा बोर्ड वेळेत आला नाही. या छंदातल्या लोकांची एक खोड सांगतो. नवं काही करायचं म्हटलं की यांचा हात जुन्या, चांगल्या चालणाऱ्या वस्तूकडे वळतो. एका दिवसाचाच तर प्रश्न, असं ती स्वतःशी पुटपुटली. आत्या आंघोळीला गेली आणि मी डबीबाहेर. झाकण मात्र तिनं पहिल्यासारखं बसवलं.

माझ्या पोटात एका वेळी एकच प्रोग्राम मावतो. नवा भरला की जुना पुसला जातो. पण ती सबब मी पुढे करणार नाही. मला रंग आवडले, गर्दी आवडली. पहिलं बक्षीस मिळालं. दिवसभरात आत्याची एकदाही आठवण आली नाही, सांगायलाही लाज वाटते.

संध्याकाळी खटपटीनं जुना प्रोग्राम भरून मला गुपचूप जागेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी आत्याला टपालपेटीत चिठ्ठी सापडली. ती मैत्रीण कायमची परदेशी, मुलाकडे राहायला निघाली होती. आदल्या दिवशी, गाडी बदलताना मिळालेल्या दोन तासांत भेटायला आली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, "अर्धा तास बेल वाजवली. आतून मशीनचा आवाज येत होता. दिवा लागला असेलच. मला वाटलं होतं, तुझा राग गेला."

आत्यानं खटपटीला बाहेर पाठवून बटण दाबायला लावलं. मी लखलखलो. दुसरं काय करणार?

"दिवा तर लागतोय," आत्या म्हणाली, "माझंच लक्ष नसेल."

तेव्हा पहिल्यांदा मला बंद पडावंसं वाटलं.

तीन दिवस आत्या स्वतःला बोल लावत होती आणि खटपटी ते ऐकत होती. शेवटी ती आत्यासमोर उभी राहिली. आत्यापुढे मान खाली घालून कबुली देता येत नाही. तिला ओठ दिसावे लागतात. मान वर ठेवून, रडत रडत, तिनं सगळं सांगितलं.

आत्यानं हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मागितलं असतंस तर मीच काढून दिलं असतं गं," ती म्हणाली. "त्या दिवशी दार उघडं ठेवून शिवत बसले असते, इतकंच."

खटपटीनं त्या मैत्रिणीला सगळं खरं लिहून कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

मित्रांनो, आम्हाला एका वस्तूतून काढा, दुसरीत घाला, हरकत नाही. आमचा जन्मच त्यासाठी. पण ज्या वस्तूच्या भरवशावर कोणी दाराकडे पाठ करून बसलं असेल, तिला हात लावण्याआधी त्या माणसाला सांगा.

मी आता ठणठणीत आहे. त्यानंतर एकदाही चुकलो नाही. तरी आत्या हल्ली दार उघडं ठेवूनच शिवते.