चुलीशेजारच्या काड्या

“हीपण गेली,” मी म्हणाले आणि अक्रोडाची काडी ताटलीत टाकली. तिरका काप दिला की जिवंत काडी आतून हिरवी दिसते. या बाराही तपकिरी निघाल्या.

गाश्पारकाका टोपी हातात धरून उभे होते. “किती थंडीला?”

“उणे अठरालाच.”

“मागच्या साली उणे सत्तावीस सोसलंय त्या झाडानं. तुमचा फ्रीजर खोटं बोलतोय, पोरी.”

हे त्र्याऐंशी सालातलं, सिम्को गावाजवळच्या आमच्या फळझाड संशोधन केंद्रातलं. थंडीत टिकणारे अक्रोड निवडायचे, म्हणून शेतकऱ्यांकडून काड्या मागवून मी त्या गोठवून तपासत असे. टिकतील त्यांचीच कलमं रोपवाटिकांना जायची. काकांचं झाड त्यांच्या बायकोनं लावलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. झाड निवडलं गेलं तर त्या वाणाला तिचं नाव मिळणार होतं, एतेल्का. यादी मार्चअखेर बंद होणार होती.

“इथं आणण्याआधी काड्या कुठं ठेवल्या होत्या?”

“हाल नाही केले मी त्यांचे. जगमध्ये पाणी घालून चुलीशेजारी ठेवल्या, तीन दिवस. एतेल्का पावाची कणीक फुगायला ठेवायची, तिथंच.”

मी पातं खाली ठेवलं. उबेत काडीची थंडी सोसायची ताकद ओसरते. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं.

“म्हणजे मीच,” काका म्हणाले.

“नाही, चूक माझी. उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी गुडघाभर बर्फात उभं राहून त्यांनी स्वतः काड्या कापल्या आणि बादलीभर बर्फात पुरल्या. बादली मांडीवर घेऊन ते गाडीत बसले. मी हीटरकडे हात नेला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि काच खाली केली.

“काका, गारठून मराल.”

“मला कुठं यादीत जायचंय?”

चाळीस मिनिटं आम्ही तसेच आलो. त्यांच्या मिशांवर हिमाचे कण धरले होते.

दोन आठवड्यांनी, उणे अठ्ठावीसला गोठवलेल्या काड्या मी त्यांच्यासमोर कापल्या. पहिली हिरवी. दुसरी हिरवी. बारातल्या अकरा.

काकांनी ताटलीतल्या काड्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, “एक तुकडा नेऊ?”

मी दिला. तो ते कोटाच्या उबदार खिशात ठेवणार होते, पण हात मध्येच थांबला. मग उघड्या तळहातावर तुकडा धरून, हातमोजा न घालता, ते बर्फातून आपल्या ट्रककडे चालत गेले.