मुलांच्या हातात मोडणारी कांडी

मी एक जुनी जादूची कांडी आहे. लगेच डोळे मिटून काही मागू नका, मित्रांनो. माझ्यात जादू म्हणाल तर औषधालाही नाही. मला एकच काम येतं. जादूगाराच्या हातात मी पट्टीसारखी सरळ असते आणि एखाद्या मुलाच्या हातात गेले की मोडून लोंबकळते. मग लोक हसतात. त्या हसण्यावर माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका कातारी आजोबांच्या दुकानात झाला. लाकूड यंत्रावर गरगर फिरवून ते खुर्च्यांचे पाय करत आणि उरलेल्या तुकड्यांचे भोवरे. एक दिवस एक उंच, सडपातळ तरुण आला आणि म्हणाला, "आजोबा, मला एक कांडी करून द्या. मोडणारी."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मोडणारी? बाबा रे, उभ्या जन्मात लोक माझ्याकडे टिकणारी वस्तू मागायला आले. उलट्या डोक्याचा तू पहिलाच."

पण काम त्यांनी मन लावून केलं. बोटाएवढे लाकडी तुकडे कातले, प्रत्येकाला आरपार भोक पाडलं, त्यातून मेण चोळलेला दोरा ओवला आणि खालच्या टोकाला एक छोटी गुंडी बसवली. गुंडी ओढून धरली की माझे तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि मी ताठ होते. गुंडी सोडली की सगळं अंग ढिलं पडतं. मग मला काळा रंग दिला, दोन्ही टोकांना पांढरा. मी अगदी खानदानी दिसत होते. हे मी नाही, आजोबाच म्हणाले.

तो तरुण म्हणजे आमचे जादूगार. मुलांचे वाढदिवस, शाळांची संमेलनं, दवाखान्यातला मुलांचा विभाग, सगळीकडे आम्ही जात असू. पेटीत माझ्या शेजारी एक घडीचा पंखा होता. तोही माझ्याच जातीचा. जादूगारांनी उघडला की सुरेख पसरायचा, मुलानं उघडला की त्याच्या काड्या गळायच्या. दोघांचा धंदा एकच असल्यामुळे आमचं फारसं पटायचं नाही. एक स्पंजचा ससा होता, तो मात्र गरीब स्वभावाचा. कितीही दाबा, तक्रार करत नसे. माझा दोरा झिजला की जादूगार मला मांडीवर घेऊन नवा दोरा ओवत आणि म्हणत, "चल बाई, तुझी कंबर आवळू."

माणसाला मोठ्यानं हसवणं सोपं असतं, मित्रांनो. लहान मुलाला चारचौघांत उभं करून हसवणं फार अवघड. आमचे जादूगार ते कसं करत, हे मी त्यांच्या मुठीतूनच पाहिलं आहे.

"मदतीला कोण येणार?" असं विचारलं की हातांचं रान माजायचं. जो मुलगा खुर्चीवर चढून "मी! मी!" ओरडायचा त्याला ते सहसा घेत नसत. जे मूल अर्धा हात वर करून पटकन खाली घ्यायचं, त्याला तर मंचावर कधीच बोलावत नसत. स्वतः खाली उतरून त्याच्या खुर्चीपाशी जात आणि तिथेच त्याच्या कानामागून चेंडू काढून दाखवत. मंचावर आलेल्या मुलासमोर ते गुडघे टेकून बसत, म्हणजे दोघांचे डोळे एका रेषेत येत. मग मला त्याच्या हातात देत. मी मोडायची. मुलाचा चेहरा पडायच्या आत जादूगार स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत.

"घ्या! आई बजावून सांगत होती, रस्त्यावरची कांडी घेऊ नकोस म्हणून! ऐकलं का मी? नाही ऐकलं!"

सगळे त्यांना हसत. ते मूलही हसे, कारण आता फजिती त्याची नव्हती, या लांब माणसाची होती. मग ते त्याला दुसरी, धडधाकट कांडी देत आणि त्या मुलाच्या एका टिचकीनं रिकाम्या टोपलीत फुलं येत. टाळ्या त्या मुलासाठी वाजत. जादूगार सर्वांत मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि मी त्यांच्या काखेत असायची.

किती सुखाचे होते ते दिवस! पण हात हा काही लाकडाचा नसतो. एका शाळेच्या संमेलनात जादूगारांनी मला उचललं आणि त्यांचा अंगठा थरथरू लागला. गुंडी निसटली. मुलाच्या हातात जायच्या आधी, त्यांच्याच हातात मी मोडले. मुलांना वाटलं ही गंमतच आहे. ती हसली, तेही हसले, पण घरी आल्यावर ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ही थरथर आता सोबतच राहणार. पेटी कपाटावर गेली. आम्ही धूळ खात पडलो. पंख्याचं आणि माझं भांडणसुद्धा बंद झालं, इतका कंटाळा आला होता.

मग पेटी खाली काढली ती त्यांच्या मुलीनं. ती एका औषधाच्या दुकानात काम करायची. सुट्टीच्या दिवशी प्रयोग करू लागली आणि मुलं तिला जादूताई म्हणू लागली. तिचे हात बापापेक्षा चपळ होते. आवाज खणखणीत होता. जादूगार पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसून तिचे प्रयोग बघत आणि त्यांचं ऊर भरून येई. मीही खूश होते. पुन्हा उजेड, पुन्हा मुलं!

फक्त एक गोष्ट तिनं बदलली. मी मोडले की ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "अगं! हे काय केलंस? मोडलीस माझी कांडी!" बापाच्या वाक्यापेक्षा या वाक्याला दुप्पट हशा यायचा. अशा हशाची चव एकदा लागली की सुटत नाही.

एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एका मुलाचा वाढदिवस होता. भिंतीला फुगे चिकटवले होते. जादूताईनं मदतनीस विचारला आणि हातांचं रान माजलं. दाराजवळ आपल्या आईला चिकटून एक मुलगी बसली होती, वाढदिवसाच्या मुलाची आतेबहीण. तिनं अर्धा हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

"ती बघा, लाजते आहे! ये गं, ये!" जादूताई म्हणाली. तिला वाटलं, मागे राहिलेल्या मुलीला आपण पुढे आणतो आहोत. पहिल्या रांगेत जादूगार खुर्चीतून जरासे उठले आणि पुन्हा बसले.

मुलगी आली. तिनं मला दोन्ही हातांनी घेतलं, काचेची असल्यासारखं. इतक्या जपून मला कधीच कोणी धरलं नव्हतं. आणि मी मोडले.

"अगं! हे काय केलंस? मोडलीस माझी कांडी!"

हॉल हसला. त्यात मागून मुलीचा मामा, म्हणजे वाढदिवसाच्या मुलाचा बाप, ओरडला, "अहो, एवढ्या मुलांत नेमकी आमची मोडतोडबाईच सापडली का तुम्हाला?"

मग तर हसून हसून लोकांची पोटं दुखली. मामा वाईट माणूस नव्हता. कधी तिच्या हातून कप फुटला असेल, कधी खेळण्याचं चाक निघालं असेल; घरात सगळे तिला लाडानंच मोडतोडबाई म्हणत. पण ती रडली नाही, हेच मला सहन होईना. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि बोटानं माझे तुकडे एका ओळीत लावू लागली. "सॉरी," ती म्हणाली. ते फक्त मला ऐकू आलं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. जादूताईनं धडधाकट कांडी पुढे केली, तर तिनं नुसती मान हलवली. शेवटी फुलं दुसऱ्याच एका मुलानं काढली.

परतताना भाड्याच्या गाडीत जादूताई खुशीत होती. "बाबा, आज हॉल दणाणला की नाही?"

जादूगारांनी पेटी मांडीवर सरकवून घेतली.

"बोला ना काहीतरी!"

"हशा कुठे पडला गं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हशा कुठेतरी पडतोच. आपल्यावर पडला तर बरं असतं, आपलं डोकं मोठं आहे."

ती जरा चिडलीच. "बाबा, मुलं विसरतात हो. केक खाल्ला की सगळं विसरतात."

"तिनं केक हातात घेतला नाही. 'तू धर' म्हणाली आईला. आईनं भरवला."

पेटीच्या फटीतून मला जादूताईचा चेहरा दिसत होता. ती बाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मामाला फोन करून पत्ता विचारला आणि मला पिशवीत घातलं. जादूगारही चपला घालून तयार होते. मुलीच्या आईनं दार उघडलं आणि त्यांना पाहून ती चकित झाली.

"अहो, बरं झालं आलात. कालपासून ही कशालाच हात लावत नाही. दप्तर नको, पेन्सिल नको. दूधसुद्धा मला पाजावं लागलं. आज शाळेतही पाठवली नाही."

मुलगी खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. जादूताई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"काल तू काहीच मोडलं नाहीस, बाळा. चूक माझी होती."

"मोडली. सगळ्यांनी बघितलं."

खरं पटवायचं तर एकच वाट होती, आणि ती जादूगारांच्या धंद्यात बंद होती. बघणाऱ्याला गुपित सांगायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. राजा येवो नाहीतर जावई, दोरा दाखवायचा नाही! जादूताईनं बापाकडे पाहिलं. मला धाकधूक वाटत होती. माझं गुपित गेलं की माझ्यात उरणार काय? लाकडाचे चार तुकडे.

जादूगारांनी मला पिशवीतून काढलं. त्यांचा अंगठा थरथरला, गुंडी निसटली आणि मी लोंबकळले.

"बघ, माझ्या हातूनही मोडते," ते म्हणाले.

"तुमचा हात हलतोय म्हणून," मुलगी म्हणाली. लहान मुलं तोंडावर बोलतात.

"हो ना. हल्ली तो माझं ऐकतच नाही."

मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. "माझे पण नाही ऐकत," ती हळूच म्हणाली.

"मग दोघं मिळून बघू या का? इथे एक गुंडी आहे. माझ्याच्यानं ती ओढून धरवत नाही. तू धरशील?"

आणि त्यांनी तिला सगळं दाखवलं. दोरा, भोकं, गुंडी. ज्या गुपितावर त्यांनी घर चालवलं, ते त्यांनी एका स्टुलापाशी बसून उघडं केलं. मुलीनं मांडीखालून आधी एक हात काढला, मग दुसरा. गुंडी मुठीत घेऊन ओढली. खटखट करत माझे तुकडे जुळले आणि मी सरळ उभी राहिले.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य मुलांच्या हातात मोडण्यात गेलं. एका मुलाच्या हातात मी ताठ उभी राहिले ती ही पहिलीच वेळ. मला अश्रू असते तर मी रडले असते.

तेवढ्यात आई पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आली. तिनं ट्रे टेबलावर ठेवला तोच मुलगी म्हणाली, "आई, हे धर."

आईनं मला घेतलं आणि मी माझं काम चोख केलं. "अगं बाई! मोडली की गं!" आई दचकून ओरडली. मुलगी खुदकन हसली. पण आईचा चेहरा बघून लगेच स्टुलावरून उतरली आणि तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "घाबरू नको आई. ती मोडत नाही. तुझी काहीच चूक नाहीये."

आई तिथेच उभी राहिली. तिनं मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

जादूगार पाण्याकडे बघत होते. तहान लागली होती, पण परक्या घरात भरलेला पेला उचलायला ते हल्ली कचरत. मुलीनं ते पाहिलं. तिनं ट्रेमधला काचेचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

"तुम्ही प्या आजोबा," ती म्हणाली. "मी धरते."

ते पाणी पीत होते तोवर जादूताई खिडकीबाहेर बघत होती. पेल्यातला थेंबसुद्धा सांडला नाही.

जाताना जादूगार मला तिथेच ठेवून गेले. आता मी त्या मुलीच्या घरी असते. जादूताईनं स्वतःसाठी नवी कांडी करून घेतली आणि त्या कांडीबरोबर ती हल्ली स्वतःच्या कपाळावर हात मारून घेते, असं ऐकते. माझा रंग उडाला आहे आणि दोरा पुन्हा सैल झाला आहे.

जुन्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" असं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मी लाकडाची आहे. मोडले तर पुन्हा ओवता येते. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत कोणाच्या हातून काही पडलं, फुटलं, तर खाली पडलेल्या वस्तूकडे नंतर बघा. आधी त्या हातांकडे बघा. ते पाठीमागे जायच्या आत धरा.