माझ्या नावापुढे कंस नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी प्रॉपर्टी आहे. नाव ऐकून जमीनजुमला डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यापाशी वीतभरही जागा नाही. मी संगणकाच्या प्रोग्राममधल्या सहा ओळी आहे. पूर्वी मी एका रुग्णालयाच्या दूधपेढीत कामाला होते, आता जुन्या प्रतींच्या कप्प्यात पडून आहे. इथे मला कोणी हाक मारत नाही, आणि खरे सांगायचे तर मारूही नये. पण माझ्या हातून जे झाले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी ओळख करून देते. प्रोग्राममध्ये कामे करणारी जी मंडळी असतात त्यांना फंक्शन म्हणतात. फंक्शनला हाक मारताना नावापुढे कंस लावावा लागतो. तो कंस म्हणजे दारावरची पाटीच: सावध, आत काम होणार आहे! प्रॉपर्टीला कंस लागत नाही. नुसते नाव घ्यायचे की उत्तर हजर. बाहेरच्याला वाटते, वहीत लिहून ठेवलेली माहिती वाचली. आतून मात्र आम्हीही फंक्शनच असतो, फक्त आमची मूठ झाकलेली असते.

माझ्या शेजारी 'वय' नावाची प्रॉपर्टी राहायची. बाळाची जन्मतारीख घेऊन ते आज किती दिवसांचे झाले, एवढेच ती सांगे. तिला दिवसभरात एकदा विचारा की शंभरदा, उत्तर तेच आणि तेही चटकन. विचारल्यामुळे कोणाचे काही बिघडत नसे. अशा साध्यासरळ बाईनेच प्रॉपर्टी व्हावे. मी तशी नव्हते.

दूधपेढी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ओढून दूध पिण्याइतकीही ताकद नसते. मग त्यांच्या आया दूध काढून छोट्या बाटल्यांत भरतात, त्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवतात आणि लागेल तशी एकेक काढतात. फ्रीझर गरम होऊ लागला की तो संगणकाला इशारा पाठवी. आमच्या फ्रीझरची रीत अशी, की हद्द ओलांडली की एकदाच हाक मारायची, पुन्हा नाही. तो इशारा सांभाळून ठेवायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा, हे माझे काम. माझे नावही तेच होते, 'ताजा इशारा'.

मला लिहिले एका प्रोग्रामर ताईंनी. सुरुवातीला मीही 'वय'सारखीच भोळी होते. पण दूधपेढीच्या मोठ्या सिस्टर एक दिवस ताईंना म्हणाल्या, "अहो ताई, एकदा वाचला की तो इशारा गेला पाहिजे बघा. तेच तेच बघून डोळे सरावतात, मग खरा आला तरी लक्ष जात नाही."

सिस्टरांचे म्हणणे रास्त होते. ताईंनी माझ्यात एक ओळ वाढवली: इशारा सांगून झाला की 'पाहिला' अशी खूण करायची आणि तो काढून टाकायचा. तेव्हा तिथे एकच टेबल होते, एकच संगणक होता आणि वाचणाऱ्या एकट्या सिस्टर होत्या. वाचला म्हणजे माणसाने पाहिला, यात शंका नव्हती.

खरे तर त्याच दिवशी मला कंस मिळायला हवा होता. 'इशारा दाखवून पुसून टाक' असे काम सांगणारे नाव मिळायला हवे होते. पण ताईंना दुसरीकडे जायची घाई होती, आणि मला सुटसुटीत दिसायची हौस होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

पुढची सहा वर्षे मी कौतुकात काढली. एकदा फ्रीझरच्या दारात ट्रे अडकून फट राहिली होती, एकदा त्याचे बटण चुकून बंद झाले होते. दोन्ही वेळा माझ्यामुळे सिस्टरांना वेळेत कळले आणि एकही बाटली वाया गेली नाही. "आमची राखणदार आहे ही," असे म्हणून सिस्टरांनी संगणकावर थाप मारली होती. मी फुगून गेले.

मग बाळांच्या खोलीबाहेर, आया बसतात त्या बाकांसमोर, भिंतीवर एक मोठा पडदा लागला. सगळे ठीक असेल तर हिरवी पट्टी, इशारा असेल तर लाल. हे काम एका दुसऱ्या प्रोग्रामरांनी केले. जाड भिंगांमुळे सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस नेटका होता. त्यांनी माझे नाव पाहिले, पुढे कंस नाही हे पाहिले आणि ही नुसती माहिती आहे असे गृहीत धरले. दर मिनिटाला पडद्याने मला विचारावे, अशी त्यांनी सोय केली.

दर मिनिटाला! दिवसातून चार-पाच हाका येणाऱ्या मला आता उसंत मिळेना. या मानाने मी हुरळून गेले. भिंतीला डोळे नसतात, ती वाचते पण पाहत नाही, हे मला कळत नव्हते का? कळत होते. आंधळे दळत होते आणि पीठ खाणारी मी होते. पण प्रॉपर्टीला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, ही माझी सबब. आज ती मलाच लंगडी वाटते.

त्या दिवसांत सतरा नंबरच्या पाळण्यात एक किलोही न भरलेले बाळ होते. त्याच्या आईला सगळे सतरा नंबरची आई म्हणत. ती प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख लिही आणि खाली त्या दिवशीचे बाळाचे वजन लिही. आठशे चाळीस, आठशे सत्तर, नऊशे दहा. पुढे तिला ताप आला आणि असे औषध सुरू झाले, की आठ दिवस तिचे ताजे दूध बाळाला चालणार नव्हते. पण दोन नंबरच्या फ्रीझरमध्ये तिच्या एकतीस बाटल्या होत्या. त्या आठ दिवसांना पुरणार होत्या. "एवढ्या आहेत ना, मग मला घोर नाही," असे ती म्हणाली होती.

पुढचे मी ताईंच्या तोंडून ऐकले. दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी दोन नंबरचा फ्रीझर बिघडला आणि त्याने हाक मारली. पडद्याने मला विचारले. मी इशारा दिला आणि सवयीप्रमाणे पुसून टाकला. पट्टी लाल झाली. बाकावर सतरा नंबरची आई एकटीच होती. ती तापातच उठून धावली आणि सिस्टरांना घेऊन आली. तोवर मिनिट उलटले होते. पडद्याने पुन्हा विचारले, माझ्यापाशी काही उरले नव्हते, आणि पट्टी हिरवी झाली होती.

"हिरवीच आहे की," सिस्टर म्हणाल्या.

"आत्ता लाल होती हो! फ्रीझर दोन, असं लिहिलेलं मी वाचलं!"

सिस्टरांनी टेबलावरच्या संगणकावरही पाहिले. 'ताजा इशारा नाही.' मित्रांनो, ते उत्तर मीच दिले.

"तापानं डोळे जड झालेत तुमचे," सिस्टर मायेनेच म्हणाल्या. "दार उघडून बघितलं असतं, पण वेळेशिवाय उघडायचं नाही असा नियम आहे. उघडलं की थंडावा जातो. पडा बघू थोडं."

ती बाई जाऊन पडली. चार वाजता दुधाच्या वेळेला सिस्टरांनी फ्रीझर उघडला, तेव्हा एकतीसच्या एकतीस बाटल्या पाणी झाल्या होत्या. वितळून कोमट झालेले दूध बाळाला देता येत नाही, म्हणून त्या सगळ्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने मोरीत रिकाम्या केल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दूधपेढीतून दूध आले खरे, पण त्याला संध्याकाळ झाली, आणि परके दूध बाळाला लगेच मानवले नाही. बाळाचे वजन तीन दिवस उतरत गेले. चौथ्या दिवशी ते थांबले आणि मग हळूहळू चढू लागले. त्या तीन दिवसांत काय झाले असते, याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्या म्हणत इशारा आला नाही, फ्रीझरमधली नोंद सांगे, दिला होता. ताईंना बोलावले. त्यांनी चष्मेवाल्यांना शेजारी बसवून एक खोटा इशारा तयार केला आणि मला दोनदा विचारले. पहिल्यांदा मी सांगितले. दुसऱ्यांदा माझी पाटी कोरी. ताईंचा चेहरा उतरला.

"नावापुढे कंस नव्हता हो," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, नुसतं वाचायचंय."

"तुमचं काही चुकलं नाही. पाटी लावायची राहिली ती माझ्याकडून."

ताई तशाच उठून सतरा नंबरच्या आईकडे गेल्या. "तुम्ही पाहिलंत ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "पट्टी लाल होती. आमच्या प्रोग्रामनं ती पुसली, आणि तो मी लिहिलाय."

त्या बाईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "एवढं सिस्टरांना सांगा. चार दिवस झाले, त्या माझ्याकडे बघत नाहीत. आणि इशारा आलाच नाही असं ऐकून ऐकून मीही मनातून म्हणायला लागले होते, की आपल्यालाच भास झाला असेल."

त्याच दिवशी ताईंनी माझी दोन कामे वेगळी केली. 'ताजा इशारा' नावाची नवी प्रॉपर्टी आता फक्त सांगते. भिंतीने हजारदा विचारले तरी इशारा जागचा हलत नाही. पुसण्याचे काम एका फंक्शनकडे गेले. त्याच्या नावात काम आहे, पुढे कंस आहे, आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय ते चालत नाही. मला या कप्प्यात ठेवले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. एखाद्या ओळीने फक्त सांगायचे असेल, झटकन सांगायचे असेल आणि कितीदाही विचारले तरी काही बदलणार नसेल, तर खुशाल तिला प्रॉपर्टी करा. पण ती काही पुसणार असेल, बदलणार असेल, दूर जाऊन काही आणणार असेल, तर तिला कंस द्या. कंसाला दोन बोटे पुरतात. दिसते तसे नसते म्हणूनच जग फसते, आणि फसलेल्या माणसाला पुन्हा खोटे ठरवले जाते.

मला इथे ठेवताना ताईंनी माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली, पुढच्यांनी वाचावी म्हणून: 'एक वाजून बारा मिनिटांनी सतरा नंबरच्या आईने लाल पट्टी पाहिली होती.' आयुष्यभर मी दिसेल ते पुसत आले. ही ओळ मला पुसता येत नाही, आणि पुसता आली असती तरी मी पुसली नसती.